न्यूट्रॉन स्कॅटरिंगची परिषद भरवायची आहे: पैसा कुठून आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात न्यूट्रॉन स्कॅटरिंगवर (पदार्थावर न्यूट्रॉनचा झोत सोडून त्याची आतली रचना ओळखण्याच्या तंत्रावर) तीन दिवसांची परिषद भरवायची आहे, दीडशेच्या आसपास माणसं येतील, परदेशातून चार-पाच वक्ते बोलवायचे आहेत. कुलगुरूंनी होकार दिलाय, पण पैसे बाहेरून उभे करा असं सांगितलंय. तर किती लागतील, कोणाकडे मागायचे आणि सुरुवात कुठून करायची? मी गेली पंचवीसेक वर्षं अशा परिषदांच्या कामात आहे, त्यातली बरीचशी खजिनदार म्हणून. उत्तर लांबेल, पण तुम्ही पहिल्यांदाच हे करताय म्हणून सगळंच सांगतो.

मुद्द्याचं आधी. न्यूट्रॉनच्या परिषदेला पैसे मिळतात. हा विषय सरकारच्या मोठ्या गुंतवणुकीशी बांधलेला आहे, त्यामुळे अर्ज नीट लिहिलेला असेल तर कोणी ना कोणी हात देतंच. पण ते पैसे बऱ्याचदा परिषद उरकल्यावर हातात पडतात, वरातीमागून घोडं यावं तसे. म्हणून ‘किती’च्या आधी ‘कधी’चा विचार करा. दुसरी गोष्ट: अंदाजपत्रक लिहायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीत विद्यार्थ्यांचा प्रवास लिहा. वक्ते, हॉल, जेवण, बॅगा, सगळं त्याच्या खाली.

विद्यार्थी आधी का, हे जरा नीट सांगतो, कारण इतर विषयांच्या परिषदांपेक्षा आपली गरज इथेच वेगळी पडते. एक्स-रे डिफ्रॅक्शनचं, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची रचना मोजण्याचं, यंत्र आज बहुतेक विद्यापीठांत आहे. विद्यार्थ्याला नमुना तयार केल्यावर जिना उतरून खाली जायचं असतं, एवढंच. न्यूट्रॉनचा झोत हवा तर अणुभट्टी लागते नाहीतर मोठा प्रवेगक लागतो, आणि आपल्या देशात त्याचा अर्थ मुख्यतः ट्रॉम्बे, म्हणजे मुंबईतलं भाभा अणुसंशोधन केंद्र. १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली. तिथलीच जुनी ‘सायरस’ भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली, तेव्हापासून न्यूट्रॉनच्या प्रयोगांचा भार ‘ध्रुव’वर आहे. विद्यापीठातल्या माणसाला तिथे पोचण्याची वाट म्हणजे यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेचं) मुंबई केंद्र. ‘ध्रुव’मधला न्यूट्रॉन फ्लक्स, म्हणजे न्यूट्रॉनच्या प्रवाहाची तीव्रता, चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला जास्तीत जास्त १.८ गुणिले १० चा १४ वा घात इतका आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएल या न्यूट्रॉन केंद्रातली भट्टी त्याच्या आठपटीच्या आसपास जाते. मग आपल्याकडे नमुना जास्त लागतो, वेळ जास्त लागतो, आणि कोणता प्रश्न ‘ध्रुव’वर सुटेल व कोणता सुटणार नाही याची जाण लागते. ती जाण शोधनिबंध वाचून येत नाही. यंत्रावर बसणाऱ्या माणसाशी बोलून येते.

काही वर्षांपूर्वीच्या एका परिषदेत रात्री साडेनऊला पोस्टर सेशन संपत आलं होतं. चहाचे कप गोळा करणारा मुलगा टेबलांमधून फिरत होता. ईशान्येकडच्या एका विद्यापीठातली पीएचडीची मुलगी आपल्या पोस्टरपाशी एकटीच उभी होती. डिफ्रॅक्टोमीटर हे रचना मोजणारं यंत्र सांभाळणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी तिच्यासमोर थांबले, चष्मा कपाळावर सरकवून आलेख बघू लागले. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली काचेची कुपी काढली. आत काळपट पूड, दीडेक ग्रॅम. त्यांनी कुपी दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, “एवढ्यात भागणार नाही बेटा, सहा ग्रॅम तरी कर. भाजायच्या भट्टीत एकाच खेपेत कर, दोन खेपांची पूड मिसळू नकोस. डबी व्हॅनेडियमची लागेल, ती आमच्याकडे आहे.” व्हॅनेडियमच का, असं तिने विचारलं. त्यांनी पोस्टरच्या कोऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीने आलेख काढून दाखवला: व्हॅनेडियमची स्वतःची ब्रॅग शिखरं (स्फटिकाच्या रचनेमुळे आलेखात येणारे उंचवटे) जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे डबीची गर्दी नमुन्याच्या आलेखात होत नाही. खाली डबीचा व्यासही लिहून दिला. पुढच्याच फेरीत तिने बीमटाइमचा, म्हणजे झोत वापरायला मिळणाऱ्या वेळेचा, अर्ज केला आणि तो मंजूर झाला. तिच्या जाण्यायेण्याला आम्ही दिलेले पैसे साडेचार हजारांच्या आत होते. त्या परिषदेच्या हिशोबातल्या सगळ्या आकड्यांमध्ये मला आजही तोच आकडा आठवतो.

याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. पी. के. अय्यंगार १९५०च्या दशकात, पंचविशीत, कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे गेले. जर्मेनियमच्या जालकाची (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीची) कंपनं न्यूट्रॉनने मोजण्याचं काम दोघांनी मिळून केलं. ब्रॉकहाउसना १९९४ मध्ये क्लिफर्ड शल यांच्यासोबत नोबेल मिळालं. अय्यंगारांनी परत येऊन ट्रॉम्बेला गट उभा केला, यंत्रं इथेच बनवली. १९६०च्या दशकात ट्रॉम्बेचा स्पेक्ट्रोमीटर फिलिपिन्सच्या भट्टीवर बसवला गेला आणि त्यावर आसपासच्या देशांतली माणसं शिकली. १५ ते १९ डिसेंबर १९६४ ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं न्यूट्रॉनच्या इनइलॅस्टिक स्कॅटरिंगवरचं (ज्यात न्यूट्रॉनची ऊर्जा बदलते) संमेलन थेट मुंबईत भरलं. त्याआधीची व्हिएन्ना आणि चॉक रिव्हरला झाली होती. त्याचे दोन खंड पुढच्या वर्षी व्हिएन्नाहून छापून निघाले, आणि ते अजूनही आमच्या ग्रंथालयात हाताळले जातात. एका तरुण माणसाच्या प्रवासाला कोणीतरी पैसे दिले, त्यातून हे सगळं पुढे आलं. अर्जात ‘या परिषदेची आवश्यकता’ या रकान्याखाली लोक गोल गोल वाक्यं लिहितात. तिथे हे लिहा. तुमच्या भागातली किती विद्यापीठं ‘ध्रुव’ वापरतात, किती वापरू शकतील पण वापरत नाहीत, आणि परिषदेमुळे नेमक्या कोणत्या माणसांची गाठ पडेल. अर्ज वाचणारे बहुधा आपल्यातलेच असतात, त्यांना हे लगेच कळतं.

आता आकडे. खालचं गणित नमुन्याचं आहे, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा. दीडशे माणसं धरली: सत्तर विद्यार्थी, पन्नास प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ, पंधरा देशातले निमंत्रित वक्ते, पाच परदेशी, दहा कंपन्यांचे प्रतिनिधी. नाश्ता, दोन चहा, दोन जेवणं मिळून माणशी दिवसाला १,२०० रुपये धरले तर तीन दिवसांचे ५,४०,०००. सत्तरपैकी साठ विद्यार्थी बाहेरगावचे. त्यांचा रेल्वे प्रवास सरासरी ३,५०० ने २,१०,०००, वसतिगृहात चार रात्री ४०० ने ९६,०००. देशातल्या वक्त्यांची विमानं १४,००० ने २,१०,०००, गेस्ट हाउसच्या तीन रात्री मिळून ६७,५००. परदेशी पाच जणांची तिकिटं ८०,००० ने ४,००,००० आणि पाच रात्रींचं हॉटेल १,२५,०००. हॉल, पोस्टरचे बोर्ड, ध्वनिव्यवस्था १,५०,०००. सारांशपुस्तिका, बिल्ले, पिशव्या ९०,०००. बस ६०,०००. बेरीज १९,४८,५००. वर दहा टक्के अनपेक्षित खर्चाला ठेवले की साडेएकवीस लाखांच्या जवळ जातं.

नोंदणी शुल्क विद्यार्थ्यांना १,५०० आणि इतरांना ५,००० ठेवलं तर त्यातून साडेतीन लाख येतात. म्हणजे खर्चाचा सहावा हिस्सा. हा आकडा बघून अनेक जण पहिलं काम करतात ते विद्यार्थ्यांचं शुल्क वाढवण्याचं. ते करू नका. शुल्क ३,००० केलंत तर वर लाखभर मिळेल, पण लांबच्या राज्य विद्यापीठांतली वीस-पंचवीस मुलं गळतील, आणि नेमकी तीच यायला हवी होती. त्याऐवजी परदेशी पाहुण्यांच्या ओळीकडे बघा. पाच माणसांवर सव्वापाच लाख, आणि साठ विद्यार्थ्यांच्या प्रवास-राहण्यावर तीन लाख.

ही परदेशी पाहुण्यांची ओळ बरीच कमी करता येते आणि त्यासाठी पाहुणे कमी करावे लागत नाहीत. ऑक्सफर्डशायरचं आयसिस, ग्रेनोबलचं आयएलएल, जपानमधलं जे-पार्क, ऑस्ट्रेलियातलं अँस्टो, अमेरिकेतलं ओक रिज, ही सगळी केंद्रं आपल्या यंत्रांसाठी चांगले वापरकर्ते शोधत असतात. बीमटाइमसाठी चांगले प्रस्ताव येणं ही त्यांचीही गरज आहे. त्यांच्या संचालकांना पत्र लिहून पैसे मागू नका, माणूस मागा. ‘आमच्याकडे सत्तर विद्यार्थी असतील, तुमच्या यंत्राबद्दल आणि प्रस्ताव कसा लिहायचा याबद्दल अर्धा दिवस कार्यशाळा घ्यायला शास्त्रज्ञ पाठवता का? इथल्या राहण्या-जेवणाचं आम्ही बघतो.’ प्रवास त्यांच्या खात्यातून होतो. माझ्या अनुभवात अशा पाच पत्रांपैकी दोन-तीनना होकार येतो, आणि आलेला माणूस उद्घाटनाचं भाषण करून निघून जाण्याऐवजी तीन दिवस मुलांमध्ये बसतो. पत्र मात्र दहा महिने आधी जायला हवं, कारण त्यांचंही प्रवासाचं बजेट वर्षाच्या सुरुवातीला ठरतं.

अनुदानांचं सांगायचं तर आपल्या विषयाला सर्वांत जवळचं घर म्हणजे अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस, बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लिअर सायन्सेस. त्यांच्याकडे अर्ज करताना आयोजन समितीत ट्रॉम्बे, कल्पक्कम किंवा इंदूर इथल्या विभागाच्या केंद्रांतला एखादा शास्त्रज्ञ खरोखर काम करणारा असू द्या. कागदावर शोभेला घातलेलं नाव वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं. दुसरं दार विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं. पूर्वी सर्ब म्हणून ओळखलं जाणारं संशोधनाला अनुदान देणारं मंडळ २०२३ च्या कायद्यानंतर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं गेलंय, तेव्हा जुन्या सहकाऱ्याकडचा जुना फॉर्म भरून पाठवू नका, चालू अधिसूचना वाचा. तिसरं सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमला सहआयोजक व्हायची विनंती करा. पैशांपेक्षा वापरकर्त्यांची यादी आणि त्यांचे शास्त्रज्ञ यांचा तुम्हाला जास्त उपयोग होईल. आंतरराष्ट्रीय संघटनांपैकी इंटरनॅशनल युनियन ऑफ क्रिस्टलोग्राफी तरुण संशोधकांच्या प्रवासासाठी मदत करते आणि तिचा न्यूट्रॉन स्कॅटरिंगचा स्वतंत्र आयोगही आहे. आशिया-ओशनिया भागाची एओएनएसए ही संघटना २००८ पासून आहे, भारत तिच्यात आहे. तिला कळवलं की निदान परिषदेची बातमी योग्य कानांपर्यंत जाते.

प्रत्येक अनुदानाबरोबर कशावर खर्च चालेल आणि कशावर चालणार नाही याची यादी येते. कुणी परदेश प्रवासाला पैसे देत नाही, कुणी भेटवस्तूंना, कुणी रात्रीच्या मेजवानीला. म्हणून मी एक मोठा कागद घेतो, डावीकडे खर्चाच्या ओळी, वर देणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने हो किंवा नाही. ज्या ओळीसमोर एकच ‘हो’ आहे तो पैसा दुसऱ्या कशाला लावायचा नाही. मेजवानी, स्मृतिचिन्हं, शाल-श्रीफळ हे फक्त नोंदणी शुल्कातून किंवा कंपन्यांच्या पैशांतून. एकच खर्च दोन अनुदानांना दाखवायचा नाही, चुकूनही नाही. बिलावरच कोणत्या अनुदानातून भागवलं याचा शिक्का मारा, म्हणजे दोन वर्षांनी ऑडिट आलं तरी तुम्हाला आठवत बसावं लागणार नाही.

कंपन्यांकडे जाताना नवे आयोजक एक चूक हमखास करतात. न्यूट्रॉनची परिषद म्हणून ते न्यूट्रॉन डिटेक्टर आणि झोत वाहून नेणारे सुपरमिरर व गाइड बनवणाऱ्या युरोपातल्या कंपन्यांना पत्रं लिहितात. त्यांनी कशाला यावं? भारतात त्यांचं गिऱ्हाईक एक-दोन संस्था, आणि ती खरेदी निविदेने होते. तुमच्या हॉलमध्ये बसलेली माणसं आपापल्या विद्यापीठात काय विकत घेतात याचा विचार करा. एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर, स्मॉल अँगल एक्स-रेची यंत्रं, कमी तापमानाचे क्रायोस्टॅट, चुंबकत्व मोजण्याची यंत्रं, व्हॅक्यूम पंप, भट्ट्या, शुद्ध रसायनं. या विक्रेत्यांची भारतातली कार्यालयं पुण्या-मुंबईत, बंगळूरला, दिल्लीत आहेत, आणि विद्यापीठांतले पन्नास प्राध्यापक एका ठिकाणी तीन दिवस भेटणं ही त्यांच्यासाठी मोलाची गोष्ट आहे. त्यांना टेबल चहाच्या वाटेवर द्या. कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत बसवलेला विक्रेता पुढच्या वेळी येत नाही. दहा मिनिटांचं भाषण द्या, पण मुख्य सत्रांच्या मध्ये नको. आणि रकमेवर जीएसटी १८ टक्के वेगळा की आत धरून, हे पहिल्याच पत्रात लिहा. दोन लाख म्हणून ठरलेली रक्कम शेवटी एक लाख एकोणसत्तर हजारांवर आलेली मी पाहिली आहे, केवळ हे एक वाक्य न लिहिल्यामुळे.

आता ‘कधी’. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी पहिली परिषद इथेच जवळजवळ बुडाली होती. डिसेंबरची परिषद, मंजुरीपत्र नोव्हेंबरात आलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत हे तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समारोप चालू असताना केटरर हॉलच्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बिल घेऊन बसला होता. भला माणूस, काही बोलला नाही. फक्त म्हणाला, “सर, उद्या माझ्याकडे आचाऱ्यांचा पगार आहे.” खात्यात होते अठ्ठेचाळीस हजार, बिल होतं तीन लाखांच्या वर. विद्यापीठाचे वित्त अधिकारी रजेवर गेलेले. त्या रात्री आम्ही चौघांनी आपापल्या बचत खात्यांतून पैसे काढले. एका सहकाऱ्याने मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली ठेव मोडली. अनुदानाचा पहिला हप्ता आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि उरलेला यूसी (पैसे कसे वापरले याचं प्रमाणपत्र) दिल्यावर, पुढच्या ऑगस्टमध्ये. त्या सहकाऱ्याच्या घरी त्या काळात काय बोलणं झालं असेल ते मी त्याला कधी विचारू शकलो नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी केल्याशिवाय तारीख जाहीर करत नाही. पहिली, विद्यापीठाकडून उचल. कुलगुरूंकडून ‘पैसे बाहेरून आणा’ एवढ्यावर समाधान मानू नका. मंजूर अनुदानाच्या बदल्यात सहा महिन्यांसाठी विद्यापीठ निधीतून अमुक रक्कम उचल म्हणून मिळेल, असा लेखी ठराव व्यवस्थापन परिषदेतून किंवा वित्त समितीतून करून घ्या. वित्त समितीची बैठक तीन-तीन महिन्यांनी होते, तेव्हा हा विषय आत्ताच कार्यसूचीवर जायला हवा. दुसरी, तारीख. हिवाळा सोयीचा, पण फेब्रुवारी-मार्च टाळा. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, तेव्हा देणाऱ्याकडे निधी उरलेला नसतो आणि तुमच्या लेखा विभागाला श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर ते मध्य डिसेंबर उत्तम. तेवढ्यासाठी डीएईच्या सॉलिड स्टेट फिजिक्स सिम्पोझियमची तारीख बघून घ्या, कारण तीही डिसेंबरातच असते आणि माणसं तीच. तिसरी, केटरर, हॉल आणि बसवाल्याशी आधीच करार: तीस टक्के आगाऊ, उरलेले परिषदेनंतर नव्वद दिवसांत. दर थोडा जास्त लागेल. द्या. आणि करारात रद्द झाल्यास किंवा पुढे ढकलल्यास काय, ही ओळ असू द्या. ब्युनोस आयर्सची जागतिक न्यूट्रॉन परिषद चार वर्षांच्या क्रमाने २०२१ मध्ये व्हायची होती, कोविडमुळे २०२२ वर गेली; अशी वेळ आली की करारातली तेवढीच ओळ कामाला येते.

विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला मी यातून वेगळं काढतो. तो कुठल्याही अनुदानाची वाट बघणार नाही अशी तजवीज करा. नोंदणी शुल्कातून पहिले येणारे पैसे, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये प्राध्यापकांनी भरलेले, ते त्यासाठी बाजूला ठेवायचे. मुलाने येताना जायचं-यायचं तिकीट, बँक पासबुकाची प्रत आणि विभागप्रमुखांचं पत्र आणायचं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे त्याच्या खात्यात. ‘बिलं पाठवा, नंतर बघू’ असं म्हटलं की ते पैसे सहा-सहा महिने जात नाहीत, आणि फेलोशिप थकलेल्या मुलाला साडेतीन हजार म्हणजे मेसचा एक महिना असतो. आमच्याकडे एकदा पासबुकातलं नाव आणि नोंदणीतलं नाव यांत फरक होता म्हणून अकरा मुलांचे पैसे परत आले. तेव्हापासून नोंदणीच्या फॉर्मवरच ‘बँक खात्यावर आहे तसं नाव’ असा रकाना ठेवतो.

प्रवास आणि ट्रॉम्बे यांची सांगड घालता आली तर तेही करा. ज्यांना बीमटाइम मिळालेला आहे अशा विद्यार्थ्यांची तारीख परिषदेच्या आगेमागे ठेवता येईल का, हे कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्राला सहा महिने आधी विचारा. तुमची परिषद मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे, एका खर्चात दोन कामं होतात. प्रत्यक्ष ‘ध्रुव’ बघायची सहल मात्र कार्यक्रमपत्रिकेत छापू नका, जोपर्यंत प्रत्येकाच्या प्रवेशाची परवानगी हातात नाही. नावं, ओळखपत्रं, फोटो आधी द्यावे लागतात, आणि परदेशी पाहुण्यांचं वेगळंच असतं.

परदेशी पाहुण्यांना कॉन्फरन्स व्हिसा लागतो. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं पोलिटिकल क्लिअरन्स आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला मंजुरी घ्यावी लागते. विद्यापीठाच्या कुलसचिवांमार्फत हे करायचं असतं. सहा महिने हाताशी ठेवा. परदेशी संघटना किंवा कंपनी थेट तुमच्या खात्यात पैसे पाठवतो म्हणाली तर थांबा. तुमच्या विद्यापीठाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागू आहे की सूट आहे, हे कुलसचिवांकडून लेखी घ्या. सोपी वाट अशी की त्यांनी विमानाचं तिकीट स्वतःच काढून वक्त्याला द्यावं, पैसा इकडे येतच नाही. आणि सरकारी अनुदानातून तुम्ही विमानाची तिकिटं काढणार असाल तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी, या तिघांतूनच. खासगी संकेतस्थळावर दोन हजारांनी स्वस्त मिळालेलं तिकीट लेखापरीक्षणात सगळंच्या सगळं नामंजूर होतं. बोर्डिंग पास वक्त्यांकडून आल्या आल्या मागून घ्या, जाताना मागितले तर कुणाकडेच नसतात.

युरोपातल्या व्यवस्थेचा इथे उल्लेख करतो, कारण आपल्याकडेही तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. तिथल्या देशोदेशींच्या न्यूट्रॉन वापरकर्त्यांनी १९९४ मध्ये मिळून ईएनएसए ही संघटना केली आणि दोनच वर्षांत इंटरलाकेनला पहिली युरोपीय न्यूट्रॉन परिषद भरवली. ती पुढे बुडापेस्ट, माँपेलिए, लुंड, प्राग, झारागोझा अशी फिरत राहिली. पुढे युरोपीय महासंघाच्या पैशांवर एनएमआय३ नावाचा प्रकल्प चालला. त्यात वेगवेगळ्या देशांतली न्यूट्रॉन आणि म्युऑन (पदार्थ तपासायला वापरला जाणारा दुसरा कण) केंद्रं एकत्र होती, आणि यंत्रांच्या वापराबरोबर तरुणांसाठीच्या न्यूट्रॉन शाळांनाही त्यातून पैसा मिळे. म्हणजे विद्यार्थ्याला शिकायला पाठवणं हा खर्च यंत्राच्या खर्चाचाच भाग मानला गेला. आपल्याकडे प्रत्येक आयोजक दरवेळी शून्यापासून सुरुवात करतो. केटररला कोणी ओळखत नाही, यादी कोणाकडे नाही, मागच्या परिषदेतले उरलेले पैसे कुठे गेले माहीत नाही. तुमच्या परिषदेचा पूर्ण हिशोब, दरांसकट, पुढच्या आयोजकाला द्यायचं आत्ताच ठरवा आणि समितीच्या पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात ते लिहून ठेवा.

शेवटचं काम, म्हणजे हिशोब मिटवणं, यासाठी एक माणूस आत्ताच नेमा, आणि तो निवृत्तीला आलेला नको. परिषद संपल्यावर सगळे दमलेले असतात, बिलं पिशवीत पडून राहतात. यूसी जीएफआरच्या (केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांच्या) १२-ए नमुन्यात, सोबत लेखापरीक्षित खर्चपत्रक. अनुदानाच्या रकमेवर बँकेने दिलेलं व्याजही दाखवून परत करावं लागतं, ते तुमचं नसतं. एका परिषदेचं यूसी राहिलं की त्या संस्थेच्या पुढच्या सगळ्या अर्जांवर त्याची सावली पडते, अगदी दुसऱ्या विभागाच्या सुद्धा. आमच्या माहितीतल्या एका विभागाला चार हजार दोनशे रुपयांच्या न मिटलेल्या व्याजामुळे दोन वर्षं नवं अनुदान मिळालं नाही.

तर या महिन्यात तुम्ही तीन कागद तयार करा: वित्त समितीसाठी उचलीची टिपणी, परदेशी केंद्रांच्या संचालकांना माणूस मागणारं पत्र, आणि अंदाजपत्रक. वक्त्यांची यादी नंतर होईल. अंदाजपत्रकाचा मसुदा झाला की मला पाठवा, मी पेन्सिल घेऊन बसतो. विद्यार्थ्यांच्या प्रवासाची ओळ साठ जणांची ठेवता येतेय की चाळीसवर आणावी लागतेय, ते आधी बघू, आणि चाळीसवर येत असेल तर पिशव्या, स्मृतिचिन्हं आणि एक परदेशी तिकीट यांतून ती वीस मुलं परत आणता येतात का ते मांडून बघू.